बोटाची वही

निवृत्त सर्जनना अख्खं रुग्णालय पाठीमागे ‘बोटसाहेब’ म्हणत असे. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. बेंबीच्या उजवीकडे, तिरपं खाली, एका ठरावीक जागी ते तर्जनी दाबत, रोग्याच्या चेहऱ्याकडे बघत आणि सांगत, “अपेंडिक्स. घ्या आत.” चाळीस वर्षांत हे बोट एकदाही चुकलं नाही, असं ते स्वतः सांगत. दुसऱ्या कोणावर ते सांगायची वेळच येऊ देत नसत.

गुरुवारी दुपारी ते बोट त्यांनी आपल्या सतरा वर्षांच्या नातीच्या पोटावर ठेवलं. इमर्जन्सी विभागातल्या तीन नंबरच्या खाटेवर ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. सरावातून थेट आणल्यामुळे पायात अजून धावायचे बूट होते.

“आई गं,” नात म्हणाली.

“अपेंडिक्स,” आजोबा म्हणाले. “संध्याकाळी उरकून टाकू.”

“आजोबा, रविवारी निवड चाचणी आहे माझी. दोन वर्षं पळतेय मी त्यासाठी.”

“पुढच्या वर्षी पळ. तेवढीच हलकी झालेली असशील.”

नातीची आई, म्हणजे साहेबांची मुलगी, खाटेच्या पायथ्याशी बुटांच्या नाड्या सोडवत होती. एक नाडी तिने गरजेपेक्षा जोरात ओढली.

तेवढ्यात ड्यूटीवरची डॉक्टर आली. ही साहेबांचीच विद्यार्थिनी. “सर, रक्तात पांढऱ्या पेशी किंचित वाढल्यात. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसतच नाहीये, वर गॅस आहे. मी सीटी स्कॅन करून घेते.”

“एवढ्याशा पोरीला किरणांची अंघोळ घालणार?”

“कमी डोसचा, सर. नेहमीच्या जेमतेम पावपट किरण. तरुण रोग्यांना आम्ही तोच करतो. अपेंडिक्सपुरतं तेवढ्यात छान कळतं.”

“माझ्या बोटाचे किरण किती?”

“शून्य, सर.”

“मग झालं तर.”

“स्कॅन करा,” मुलगी खाली बघूनच म्हणाली. “बाबा, तुम्ही आज आजोबा म्हणून आला आहात.”

“ठीक आहे. मग सर, नियम,” म्हणत डॉक्टरने ड्रॉवरमधून एक जाडजूड वही काढली.

ही वही साहेबांनीच सुरू केली होती. पंधरा वर्षांपूर्वी स्कॅनचं यंत्र आलं तेव्हा पोरांची बोटं गंजतील अशी त्यांना धास्ती वाटली. म्हणून नियम केला: ज्याने पोट तपासलं त्याने आधी वहीत निदान लिहायचं, सही करायची आणि मगच फोटो बघायचा. चुकला तर सगळ्या विभागाला बिस्किटं. तेव्हापासून विभागाला बिस्किटांची ददात नव्हती. साहेबांनी स्वतः मात्र वहीत कधी ओळ लिहिली नाही. परीक्षकाने पेपर सोडवायचा नसतो.

“पहिल्या पानावर अक्षर तुमचंच आहे, सर.”

साहेबांनी चष्मा मागितला. तो त्यांच्या नाकावरच होता. मग त्यांनी नातीच्या पोटावर पुन्हा बोट ठेवलं, या खेपेस बराच वेळ. शेवटी वहीत ‘अपेंडिक्स’ लिहिलं, पुढे ‘नक्की’ लिहिलं आणि ‘नक्की’खाली रेघ मारली. खात्री असली की सर रेघ मारत नाहीत, हे त्यांच्या विद्यार्थिनीला माहीत होतं. तरी तिने वही मिटून घेतली. वहीचा नियम सर्वांना सारखा.

नातीला स्कॅनला नेलं. बाहेरच्या बाकावर बापलेक उरले.

“बाबा, माझं काढलंत तेव्हा मी वीस वर्षांची होते.”

“वेळेत काढलं.”

“दुसऱ्या दिवशी मैत्रिणींबरोबर समुद्रावर जायचं होतं.”

“समुद्र काय पळून गेला?”

“समुद्र नाही, मैत्रिणी गेल्या. ते तपासणीला पाठवलं होतं ना? रिपोर्ट काय आला होता?”

साहेब समोरच्या भिंतीवरची पाटी वाचू लागले. पाटीवर ‘मोबाइल बंद ठेवा’ एवढंच होतं. त्यांना बराच वेळ लागला.

“अगदी सुरुवातीची अवस्था होती,” ते म्हणाले.

“असं रिपोर्टात होतं?”

“रिपोर्टात अवस्था लिहायची पद्धत नव्हती तेव्हा.”

थोड्या वेळाने तिघे नातीच्या खाटेजवळ, संगणकाच्या पडद्यासमोर उभे राहिले. डॉक्टरने पेनाचं टोक एका करड्या रेघेवर ठेवलं. “हे अपेंडिक्स. सडपातळ, स्वस्थ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुखतंय ते या शेजारच्या गाठींमुळे. व्हायरलमध्ये सुजतात, आपोआप बसतात. आज रात्रभर इथे लक्ष ठेवू. दुखायचं थांबलं तर रविवारी खुशाल पळू दे.”

साहेब पडद्याकडे बघत राहिले. धडधाकट अपेंडिक्स त्यांनी पूर्वीही पाहिलं होतं, पण कापल्यावर, बशीत.

खाटेवरून नातीने विचारलं, “आजोबा, म्हणजे कापायचं नाही ना?”

“तूर्तास नाही,” आजोबा म्हणाले आणि कोणाला काही न सांगता बाहेर पडले.

दहा मिनिटांनी ते कँटीनमधून दोन पुडे घेऊन आले. एक त्यांनी वहीवर ठेवला. नर्स, वॉर्डबॉय, डॉक्टर, सगळे अचानक आपापल्या कागदपत्रांत गढून गेले. दुसरा पुडा त्यांनी मुलीपुढे धरला.

“हा कशाचा?”

“तुझ्या रिपोर्टाचा.”

मुलगी पुड्याकडे बघत राहिली. “पंचवीस वर्षं उशीर झाला, बाबा.”

“तारीख बघून घेतलाय,” साहेब म्हणाले. “बिस्किटं ताजी आहेत.”

तिने पुडा फोडला आणि पहिलं बिस्कीट त्यांच्याच हातावर ठेवलं. ते उभ्या उभ्या, मुकाट्याने, त्यांनी संपवलं.