डावीकडून तिसरं चित्र

त्या शाळेत प्रशिक्षण म्हणजे सही, असा जुना रिवाज होता. बाहेरून कोणीतरी शिकवायला यायचं, यादी फिरायची, पहिल्याच तासाला पाचही दिवसांच्या सह्या एकदम उरकायच्या आणि मग शिक्षक मंडळी मागच्या बाकांवर वह्या तपासायला मोकळी. शिकवणारा एकटाच माऊस फिरवत बसे, मधूनमधून "समजलं?" असं विचारी आणि मान वर न करता सगळे एका सुरात "हो" म्हणत. अशी तीन प्रशिक्षणं पार पडली होती. तिन्हींची प्रमाणपत्रं हेडसरांच्या खोलीत चौकटीत टांगलेली होती आणि संगणकांच्या खोलीतल्या वीस संगणकांवर शिवणाच्या वर्गातल्या मुलींनी शिवलेली फुलाफुलांची आवरणं होती. आवरणं तेवढी दर महिन्याला धुतली जात.

आपल्याला हसू येतं खरं, पण अशी सही आपण स्वतः कधी केली नाही ना, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं.

भूमितीच्या बाईंनी तिन्ही वेळा सह्या केल्या होत्या आणि त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. मुलं त्यांच्यामागे त्यांना कंपासबाई म्हणत, कारण त्या खडू टेकवून एका दमात असं वर्तुळ काढत की कंपासनेही लाजावं. बावीस वर्षं दहावीची भूमिती त्यांच्याकडे होती. वर्गात घोकंपट्टी त्यांना मुळीच खपत नसे. कोणी प्रमेय पाठ करून आलंय असा संशय आला, की आकृतीतल्या एबीसीच्या जागी त्या पीक्यूआर लिहीत. पाठ करणारा तिथेच गटांगळ्या खाई.

यंदा मात्र हेडसरांनी बैठकीत वेगळाच सूर लावला. "सोमवार ते शुक्रवार प्रशिक्षण. यादी शेवटी फिरेल. शनिवारी प्रत्येकाने खऱ्या वर्गावर संगणक वापरून एक तास घ्यायचा. ज्यांना जमणार नाही, त्यांना पुढच्या वर्षी दहावी मिळणार नाही."

त्यांनी नाव कोणाचंच घेतलं नाही, पण सगळ्यांच्या नजरा एकाच खुर्चीकडे वळल्या. दहावीशिवाय शाळेत यायचं कशाला, हेच बाईंना कळेना.

सोमवारी शिकवायला आले ते सहासष्ट वर्षांचे टायपिंगवाले सर. त्यांनी तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता आणि गावातल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांनीच वळवली होती. त्यांची एक तऱ्हा होती. खोलीत शिरले की दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि शेवटपर्यंत सोडायचे नाहीत.

"सर, तुम्ही एकदा करून दाखवा, मग आम्ही करतो," बाई म्हणाल्या.

"मी केलं तर मला येईल, बाई. मला येतंच आहे. तुम्ही करा."

बाई काही कच्च्या गुरूच्या चेली नव्हत्या. त्यांनी दोनशे पानी वही काढली आणि सर जे बोलतील ते लाल शाईने उतरवून घेतलं. 'डावीकडून तिसरं चित्र. दोनदा टिचकी. वरून चौथी खूण म्हणजे वर्तुळ. तिच्या उजवीकडची म्हणजे बिंदू.' मंगळवारी दुपारपर्यंत एक डोळा वहीवर आणि एक पडद्यावर ठेवून त्या वर्तुळ, व्यास, कोन सगळं झरझर काढू लागल्या. इतिहासाच्या सरांनी तोंडात बोटं घातली.

घरी त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. जेवणाच्या टेबलावर त्यांनी कोणाचंतरी गजराचं घड्याळ उघडून ठेवलं होतं. बाईंनी स्क्रू बाजूला सारून वही उघडली आणि मोठ्या कौतुकाने दाखवली.

"छान आहे," ते भिंगातून बघत म्हणाले. "पण वही नसली तर?"

"नसेल कशी? मी विसरते का कधी?"

"तसं नाही गं," एवढंच बोलून ते पुन्हा चाकांकडे वळले. बाईंना त्यांचा थोडा रागच आला.

बुधवारी जेवणाची सुट्टी संपवून बाई जागेवर बसल्या. वही उघडली, डावीकडून तिसरं चित्र पाहिलं, दोनदा टिचकी मारली. पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडला गेला. शेजारी खसखस पिकली. बाईंनी घाईघाईने चौथं चित्र दाबलं, मग दुसरं. भूमिती काही सापडेना. कानशिलं तापली.

"माझ्या मशीनशी कोणीतरी खेळलंय," त्या ताडकन उठल्या.

"मीच खेळलो," टायपिंगवाले सर म्हणाले. "सुट्टीत सगळ्यांच्या चित्रांच्या जागा बदलल्या."

"ही काय पद्धत झाली? दोन दिवस मी जीव तोडून लिहून घेतलं आणि तुम्ही..."

"माझी पुतणी तुमच्या हाताखाली शिकली, बाई. एकदा रडत घरी आली. म्हणाली, प्रमेय तोंडपाठ होतं, पण बाईंनी एबीसीचं पीक्यूआर केलं. मी म्हटलं, मग बाई काय म्हणाल्या? तर म्हणे, अक्षरं बदलल्यावर ज्याचं अडतं, त्याला प्रमेय आलेलंच नसतं."

बाईंनी हातातल्या वहीकडे पाहिलं. ही वही एखाद्या मुलीने आणली असती तर आपण तिला काय काय सुनावलं असतं, ते त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू आलं. बावीस वर्षं ज्या खोडीसाठी मुलांना ओरडलो, तीच आपल्या अंगात!

"पण या वयात, सर," त्यांचा आवाज उतरला, "चुकायची भीती वाटते हो. तीही सगळ्यांसमोर."

सर त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. हात अजूनही मागेच होते. "माझा क्लास ओस पडला तेव्हा मी छप्पन्न वर्षांचा होतो. यंत्रं भंगारात गेली त्या दिवशी जेवलो नाही. मग पुतणीच्या वयाच्या मुलीकडे कॉम्प्युटर शिकायला बसलो. मीसुद्धा वह्या केल्या होत्या, चांगल्या तीन. भीती वाटते म्हणून माणूस वही करतो, बाई. मला एक सांगा, फळ्याशेजारी डस्टर कशाला ठेवता?"

"चुकलं तर पुसायला."

"मग इथेही ते आहेच. चुकलं की मागे फिरता येतं. आणि मागे फिरायची खूण कुठे आहे ते मी सांगणार नाही. शोधा."

बाईंनी वही पिशवीत टाकली आणि शोधायला लागल्या. त्या दुपारी मशीनने त्यांना नाना रंग दाखवले. वर्तुळाची अंडी झाली, व्यास पडद्याबाहेर पळाला, एकदा तर सगळी आकृतीच गडप झाली. पण दर खेपेला मागे फिरायची वाट सापडत गेली आणि धास्ती कमी होत गेली. शुक्रवारी सरांनी पुन्हा सगळी चित्रं इकडची तिकडे केली, तेव्हा बाई गालातल्या गालात हसल्या आणि खुणा वाचत वाचत भूमितीपर्यंत पोचल्या.

शनिवारी दहावीचा वर्ग खच्चून भरला होता. मागच्या बाकावर हेडसर बसले होते आणि दाराशी टायपिंगवाले सर उभे होते. विषय होता, अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. बाईंनी पडद्यावर अर्धवर्तुळ काढलं, त्यावर एक बिंदू घेतला आणि व्यासाची दोन्ही टोकं त्याला जोडली. कोनाशेजारी नव्वद हा आकडा उमटला. त्यांनी बिंदू कमानीवरून सरकवला. त्रिकोण लवला, वाकला, आडवा झाला, पण नव्वद जागचा हलला नाही. मुलं पुढे सरसावली.

"बाई, आणखी सरकवा ना," शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. "अगदी टोकापर्यंत."

बाईंनी बिंदू व्यासाच्या टोकावर नेऊन टेकवला आणि आकडा नाहीसा झाला. वर्गात कुजबुज सुरू झाली.

"वायर सैल झाली असेल," म्हणत हेडसर अर्धवट उठले. बाईंनी दाराकडे पाहिलं. सरांचे हात पाठीमागेच होते. क्षणभर बाईंचा हात पिशवीतल्या वहीकडे गेला, आणि तिथेच थांबला. याचं उत्तर कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं. त्यांनी मशीनचा विचार सोडला आणि नुसती आकृती पाहिली, जशी आयुष्यभर पाहत आल्या होत्या तशी. मग त्यांचा चेहरा खुलला.

"बसा सर, वायर ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मला सांगा मुलांनो, कोन व्हायला काय लागतं?"

"दोन भुजा."

"मग आता किती उरल्या?"

शेवटच्या बाकावरची मुलगी पडद्याकडे बघत हळूहळू उभी राहिली. "एकच. दुसरी त्या टोकात मिटून गेली. बाई, म्हणजे कोनच उरला नाही!"

"शाबास! कोनच नाही तर आकडा कुठून येणार? बावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, कारण खडूने मी कधी तिथपर्यंत गेलेच नव्हते." मग त्यांनी खडू उचलला. "आता इकडे बघा. पडद्यावर दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. सिद्ध इथे करायचं." आणि एका दमात त्यांनी फळ्यावर वर्तुळ काढलं.

तास संपल्यावर हेडसर म्हणाले, "दहावी तुमचीच, बाई. शंका कसली त्यात." टायपिंगवाल्या सरांनी खिशातून यादी काढून पुढे केली. बाईंनी शनिवारपासून उलट सही करत यायला सुरुवात केली. शुक्रवार, गुरुवार, बुधवार. आणि पेन बंद केलं.

"सोमवार आणि मंगळवार राहिले," हेडसरांनी बोट ठेवलं.

"ते दोन दिवस मी आले होते, पण शिकले नव्हते," बाई म्हणाल्या आणि यादी इतिहासाच्या सरांकडे दिली. त्यांनी यादीवर बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि फक्त शुक्रवारपुढे सही केली.

मित्रहो, संगणक विकत घेतले म्हणून वर्गात येत नाहीत आणि प्रमाणपत्रं टांगली म्हणूनही येत नाहीत. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही, हे सगळ्यांसमोर कबूल करून जो शिक्षक ती शिकायला बसतो, त्याच्याच मागोमाग ते आत येतात. त्या वर्षी शाळेला प्रमाणपत्र मिळालं नाही, कारण यादी अपुरी होती. फुलाफुलांची वीस आवरणं मात्र सोमवारी शिवणाच्या वर्गात परत गेली आणि त्यांच्या पिशव्या झाल्या.