टोपीवरचं माप

"टेप लावायचीच असेल तर टोपीवरून लाव गं! पौषाची थंडी आहे. पोरीला सर्दी झाली तर तू निस्तरणार आहेस का?"

निरुपमा ठाकुमाच्या, म्हणजे आजीच्या, या दटावणीपुढे गावची आरोग्यसेविका, आशादीदी शेफाली, हिचं काही चालत नसे. नात टुनी वेळेच्या दोन महिने आधीच जन्मलेली, मूठभर जीव. बंगालमधल्या बीरभूमच्या त्या घरात थंडीचं भय वाघापेक्षा मोठं. डोकं उघडं करूनच मापायचं, हे शेफालीला शिकवलेलं होतं. पण म्हातारी मायेने चहा आणि मुढी, म्हणजे मुरमुरे, पुढे करायची, आणि भीड भिकेची बहीण! दर पंधरवड्याला टेप लोकरीवरून फिरे, आकडा वाढे. एका टोपीवर दुसरी चढलेली तिला दिसत होती. तिने डोळेझाक केली.

फाल्गुनातल्या तपासणीला डॉक्टर संघमित्रांनी दोन्ही टोप्या उतरवल्या. टेप छत्तीस सेंटिमीटरवर थांबली. शेफालीने भरलेल्या कार्डावर साडेअडतीस!

"डोकं हवं तसं वाढलेलं नाही. दूध पुरतंय का हिला?"

"कार्ड बघा की! आमची शेफाली मापाला कधी चुकत नाही," ठाकुमा तोऱ्यात म्हणाली.



"टेप जुनी असेल, ताणली गेली असेल," डॉक्टर सहज म्हणाल्या.

शेफालीला सुटायला वाट मिळाली होती! तेवढ्यात टुनीची आई मौसुमी रडू लागली. "माझंच दूध कमी पडलं असणार."

"नाही गं मौसुमीबौदी!" शेफाली बोलून गेली. "दोन महिने मी टोपीवरून मापलं. चूक माझी आहे."

"मीच तिला सांगत होते," ठाकुमा पुटपुटली.

"ठाकुमा, तुम्ही आजी, तुम्ही घाबरणारच. पण ही शिकलेली आहे." डॉक्टर शेफालीकडे वळल्या. "वेळेआधी आलेल्या बाळाचा मेंदू याच दिवसांत भराभर वाढतो. तो नीट वाढतोय का, हे आपल्याला डोक्यावरून कळतं. तू तेच झाकलंस. आता दुधाचं बघू, तपासण्या करू, दर आठवड्याला माप घेऊ. आणि पोरीशी खूप बोला. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही."

 

पुढच्या आठवड्यात ठाकुमाने खिडक्या लावल्या, तळहात शेकले आणि टोपी स्वतः काढली.

"आधी माप. चहा नंतर."

शेफालीने तीनदा मापलं. छत्तीसच्या पुढे चार बारीक रेषा! ठाकुमा हसली. शेफालीला मात्र हातचे गेलेले दोन महिने आठवले आणि तिने मान खाली घातली.

वाचकहो, ज्या जिवाला अजून बोलता येत नाही, त्याच्या बाबतीत मोठ्यांची भीड धरू नये. त्या भिडेची किंमत शेवटी ते लेकरूच मोजतं.