गप्प बसण्याची अट

महिन्याला तीनशे माणसं यायची आणि तिसऱ्या पायरीवरून नाहीशी व्हायची. हे कोडं अस्मिताला चार महिने छळत होतं.

माणसं यायची ती ‘पानखूण’च्या वेबसाइटवर. पानखूण हा छोट्या वाचनालयांसाठीचा प्रोग्राम. पुस्तकांची यादी ठेवायची, कोणी काय नेलं ते लिहायचं, एवढंच त्याचं काम. मुलुंडच्या देवदत्तने आठ वर्षांपूर्वी तो लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला करून टाकला. फुकट घ्या, वापरा, आतला कोड बघा, जमलं तर दुरुस्तही करा. तेव्हापासून दहा-बारा हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी त्यात डोकं घालून बसतात. अस्मिता त्यातलीच. ‘नव्यांसाठी’ हा भाग तिने लिहिला होता, साध्या मराठीत, सात पायऱ्यांत, चित्रांसकट. पहिली पायरी तीनशे जण वाचत, दुसरी जवळजवळ तेवढेच, तिसरीही. चौथ्या पायरीपर्यंत पोचायचे जेमतेम नऊ.

देवदत्तला यात कोडं वगैरे काही दिसत नव्हतं. ज्याला खरी गरज असते तो कसंही करून शिकतोच, बाकीचे हवशे-नवशे, असं त्याचं ठाम मत. आपल्याला येतं ते सोपंच असतं, असं मानणाऱ्यांची आपल्याकडे कधी टंचाई नसते. अस्मिताला मात्र राहून राहून वाटे, ती माणसं नेमकी काय बघून उठत असतील?

उत्तर तिच्या घरातच निघायचं होतं. तिचे वडील रतन मरोळच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. तेव्हापासून घाटकोपरच्या बुद्धविहारातलं वाचनालय हा त्यांचा जीव की प्राण. नऊ कपाटं, बावीसशे पुस्तकं. कोणीही काहीही मागावं आणि रतननी डोळे मिटून हात घालावा, पुस्तक हजर. जानेवारीत ते डेंग्यूने पंधरा दिवस झोपले आणि सगळी पंचाईत झाली. वाचनालय उघडं होतं, माणसं येत होती, पण एकाला एक पुस्तक सापडेल तर शपथ.

मग विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी प्रबुद्ध घरी येऊन स्पष्टच बोलला. परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं-पोरी जिन्यावर बसतात, त्यांना जागा हवी. जी पुस्तकं एकाच माणसाला सापडतात ती असून नसून सारखीच. महिनाअखेरच्या रविवारपर्यंत कोणालाही वापरता येईल अशी यादी झाली तर ठीक, नाहीतर कपाटं पोटमाळ्यावर जातील. माणूस वाईट नव्हता, पण घासाघीस करणाराही नव्हता. संध्याकाळी रतननी लेकीकडे जुना लॅपटॉप मागितला.

अस्मिता म्हणाली, मी भरून देते. ते नको म्हणाले. “आत्ता सगळे मला विचारतात. तू केलंस तर उद्या तुला विचारतील. त्यात फरक काय पडला?”

मग तिला एक कल्पना सुचली. बाबा तिचं पान वाचून सगळं स्वतः करतील आणि ती मागे बसून नुसती बघेल. अट एकच, तिने तोंड उघडायचं नाही. शनिवारी सकाळी दोघं बसले. रतन पडद्यावरची एकेक ओळ बोटाने वाचत होते. पहिली पायरी झाली, दुसरी झाली. तिसरीत लिहिलं होतं, आता पानखूण उघडा, तुमची यादी समोर दिसेल.

त्यांनी उघडलं. समोर पांढराशुभ्र पडदा, आणि उजव्या कोपऱ्यात तिळाएवढं अधिकचं चिन्ह.

रतन वाट बघत राहिले. चष्मा पुसला. परत जाऊन ओळ वाचली, प्रोग्राम बंद केला, पुन्हा उघडला. मागे अस्मिताने जीभ दातांखाली धरली होती. दहा मिनिटांनी ते वळले, तर चेहरा पार पडलेला.

“माझ्या हातून काहीतरी बिघडलं गं. माफ कर.”

ज्या माणसाने तीस वर्षांत कारखान्याचा एक नट हरवू दिला नाही तो माफी मागत होता, आणि तीही तिने लिहिलेल्या ओळीपायी. अस्मिताला भयंकर लाज वाटली. बिघडलं काहीच नव्हतं. नव्या माणसाकडे यादी नसतेच, मग दिसणार काय? तिच्या लॅपटॉपवर, देवदत्तच्या, सगळ्या हौशी मंडळींच्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षांची यादी भरलेली होती. त्यामुळे जिथे जिथे ती ओळ तपासली गेली तिथे ती खरीच ठरली. कोडं सुटलं होतं, पण आनंद होईना. तीनशेतले किती जण असेच आपलंच चुकलं समजून गुपचूप उठले असतील, हेच डोक्यात फिरत राहिलं.

देवदत्तला फोन केला तर तो म्हणाला, रिकामी यादी रिकामीच दिसणार ना यार. अधिकचं चिन्ह आहे की तिथे. पान हवं तर बदल, पण त्याच्या स्वच्छ पडद्यावर अक्षरं नकोत. अस्मिताने हात टेकले नाहीत. एकदा येऊन बघ, एवढाच हट्ट धरला. पुढच्या शनिवारी तो विहारात आला.

रतननी चहा दिला. देवदत्तने, हे किती सोपं आहे काका, असं म्हणत सगळं भराभर समजावलं. रतननी शांतपणे ऐकून घेतलं.

“मग माझंही सोपंच आहे,” ते म्हणाले. “मधमाश्या पाळण्याचं एक पुस्तक आहे इथे. काढून द्या. मी मागे बसतो, बोलणार नाही.”

देवदत्त हसत उठला. पहिल्या कपाटात शेतीचं काही असेल म्हणून बघितलं, तर कादंबऱ्यांशेजारी वकिलीची पुस्तकं आणि त्याला खेटून पाककृती. लेखकांच्या नावांचा क्रम लावून पाहिला, आकार पाहिले, रंगसुद्धा पाहिले. पाचव्या कपाटापर्यंत हसू मावळलं होतं. पाव तासाने तो वळला तेव्हा मानेवर घाम होता.

“सॉरी काका, मला नाही जमत. मी काही मागेपुढे तर नाही ना करून ठेवलं?”

अस्मिताने चटकन बाबांकडे बघितलं. बाबा देवदत्तकडे बघत होते, आणि त्यांचाही चेहरा उतरला होता.

त्यांनी चौथ्या कपाटातून पुस्तक काढलं आणि खुलासा केला. घरात कोणी गेलं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी नातेवाईक त्या माणसाच्या नावाने विहाराला पुस्तकं देतात. एका माणसाच्या नावाची पुस्तकं रतन कधी तोडत नसत, एकत्र ठेवत. मधमाश्या सुलोचनाबाईंच्या, कारण त्यांचा मुलगा शेतकी खात्यात. “आता मधमाश्या म्हटलं की सुलोचनाबाई, हे मला वाटायचं सगळ्यांना ठाऊकच आहे,” असं म्हणून ते खाली बसले. जानेवारीत माणसं या कपाटांसमोर कशी उभी राहिली असतील ते त्यांना आज प्रथमच दिसत होतं.

मग देवदत्तने लॅपटॉप पुढे ओढला, तो पांढरा पडदा उघडला आणि विचारलं, काका, इथे काय लिहिलेलं असतं तर तुम्ही उठला नसता? रतननी विचार करून सांगितलं आणि त्याने शब्द न शब्द तसाच टाइप केला. यादी अजून रिकामी आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. हाताशी असेल ते पुस्तक इथे लिहा. शिवाय अस्मिताने सुचवलं म्हणून प्रत्येक पुस्तकापुढे ‘कोणाच्या स्मरणार्थ’ असा एक रकानाही घातला. पहिली नोंद अर्थात मधमाश्यांची झाली.

महिनाअखेरपर्यंत रतननी दोन बोटांनी कपाट-खणासकट बावीसशे नोंदी केल्या. रोज सकाळ-संध्याकाळ. वेबसाइटवर त्या महिन्यात चौथ्या पायरीवर एकशे चाळीस जण पोचले, तर देवदत्तचा नुसता ‘झकास’ एवढा मेसेज आला.

रविवारी प्रबुद्ध आला, लॅपटॉपसमोर बसला. रतन मागच्या खुर्चीत. अट आता त्यांना होती. प्रबुद्धने एकदा चुकीचं बटण दाबलं तेव्हा त्यांचा हात आपोआप पुढे गेला, अस्मिताने नुसतं बघितलं आणि त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला.

प्रबुद्धला स्मरणार्थचा रकाना दिसला. तो जरा थबकला, मग त्याने एक नाव टाइप केलं. मुरलीधर तायडे, त्याचे वडील. ते गेले तेव्हा प्रबुद्ध सात वर्षांचा होता, हे त्या खोलीत त्याच्याखेरीज फक्त रतनना माहीत होतं. पडद्यावर अकरा पुस्तकं आली. कपाट सात, खण दोन.

तो उठला, कोणालाही न विचारता कपाट सातपाशी गेला आणि दुसऱ्या खणातून अकराच्या अकरा पुस्तकं काढून फरशीवर मांडून बसला. एकेक उघडत गेला. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर त्याच्या आईचं वळणदार अक्षर होतं. जिन्यावरून दोन मुली आत डोकावल्या. त्याने वर न बघताच सांगितलं, बाकं उद्या बाहेरच्या ओट्यावर टाकू, वर पत्रा घालू. कपाटं इथेच राहतील.

मग एक पुस्तक हातात धरून तो मागे वळला.

“काका, हे पतंग बनवायचं पुस्तक कसं काय यांच्यात? बाबा पतंग बनवायचे?”

रतननी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं आणि लेकीकडे पाहिलं.

“बोला, बाबा,” अस्मिता म्हणाली.