झोपवलेला लाल खटका

मी एक जुना स्टॉपचा खटका आहे, मित्रांनो. रंग लाल, डोकं पुरीएवढं. वडगावात गुंडू आप्पांच्या साडीच्या मागाला मी बसवलेला आहे. मला दाबलं की मी कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर माग थांबवतो. एवढंच माझं काम. ते कधी न पडणं, हे घराचं सुख. म्हणजे मी लग्नातल्या थोरल्या काकांसारखा. करायचं काहीच नाही, पण खुर्ची पुढची हवी.

कॉम्प्युटरच्या आत कर्नेल नावाचा एक कारभारी असतो. जोडलेलं एखादं यंत्र कुणी वापरत नसेल, तर थोडी वाट बघून तो त्याला झोपवतो. वीज वाचते. काम निघालं की हाक मारून उठवतो. सवय चांगली आहे, प्रिंटर तर तिच्यावरच जगतो. पण माझ्यासारख्याला उलटी हाक मारावी लागते. झोपेतून आपणच कारभाऱ्याला उठवायचं. त्याची वेगळी परवानगी लागते. मला ती नव्हती, कारण कॉम्प्युटर जोडणाऱ्या नागेंद्रनं मला कायम जागंच ठेवलं होतं.

आप्पांचा धर्म एकच, रिकामं काही चालू ठेवायचं नाही. पाहुण्याचा घाम वाळला की पंखा बंद. आरती संपली की निरांजन विझवायचे. देवाला सगळं दिसून झालं, म्हणायचे.

एकदा माझ्याजवळचा बारका दिवा त्यांना दिसला.

"ह्यो काय करतोय रं, नागेंद्र?"

"स्टॉपचा खटका न्हवं त्यो, आप्पा. त्यो बसूनच असतोय."

"बसून खाणारा घरात मी एक बास. झोपव त्येला."

"आनि काम पडलं तर?"

"हाक मार की. मी न्हाय उठत?"

मागावरून त्यांची बायको मनुबाई म्हणाली, "जेवणाच्या हाकेला तेवढं उठताय."

सगळे हसले. नागेंद्रनं सेटिंग बदललं. मी झोपलो. त्यानं कॉम्प्युटरवरून हाक मारली, मी उठलो. आप्पांनी शेजाऱ्यांना बोलावून मला झोपवून-उठवून दाखवलं. इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं. मी झोपलेला असताना मला दाबून बघायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. तेव्हा मी झोपेत होतो.

मनुबाई माग न थांबवता तुटलेला धागा जोडायची. तिची हातोटीच तशी. त्या दुपारी पदर मागाच्या फिरत्या पट्ट्यात अडकला आणि पदरामागून हात ओढला गेला. मोकळ्या हातानं तिनं मला दाबलं. माग चालूच. सून माधवी आतून धावत आली, तिनं भिंतीवरचा मेन स्विच पाडला. तोवर मनुबाईची तीन बोटं गेली होती.

मला जाग आली तेव्हा माधवी फरशी पुसत होती. नागेंद्र कॉम्प्युटरपुढे होता.

"उठतोय की ह्यो. चांगला हाय."

"तुझ्या हाकेला उठतोय," माधवी म्हणाली. "झोपू दे त्येला. मग दाब."

मी झोपल्यावर त्यानं मला दाबलं म्हणे. कितीदा, ते त्यालाच माहीत.

मनुबाई दवाखान्यातून आली, तोवर गल्लीत ठरलं होतं की बाई घाबरली असेल, दाबलंच नसेल. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, "दाबलं व्हतं गं मी. लई जोरात दाबलं व्हतं."

शेवटी आप्पा म्हणाले, "दाबलंस गं. खटका झोपला व्हता."

"कुणी झोपवला?"

आप्पा उठून बाहेर गेले.

आता मला रात्रंदिवस जागं ठेवलंय. माग बंद आहे. मी अत्यंत दक्षपणे काहीच थांबवत नाही.

मित्रांनो, घरात कुणी रिकामं बसलेलं दिसलं तर झोपवा बापडे. पण तुमच्या हाकेला ते उठतं का, एवढंच बघून निघून जाऊ नका. तुमच्या हाकेला सगळेच उठतात. त्याच्यावर हाक मारायची वेळ आली, तर तुम्ही उठाल का, ते आधी बघा.