दहापैकी दहा

डॉक्टरांच्या खोलीतून आत्या हसतच बाहेर आली. आधीच्या डॉक्टरने मानही वर न करता 'स्तन काढावं लागेल' असं तोंडावर फेकलं होतं, म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडत तिने डॉक्टर बदलला. ह्याने खुर्ची जवळ ओढली, नातवंडांची चौकशी केली, "गाठीचं आपण बघून घेऊ" म्हणाला. अभिप्रायाच्या कागदावर तिने त्याला दहापैकी दहा दिले.

कागदासाठी हात पुढे करत काउंटरवरची बाई म्हणाली, "स्तन काढायचं ऑपरेशन सोमवारी. सोबत कोण राहणार?"

"कुणाच्या सोबत?"

"तुमच्या. डॉक्टरांनी लिहिलंय ना, रुग्णाला सगळं समजावलं, रुग्ण समाधानी."

बाई कागद ओढत होती आणि आत्या सोडत नव्हती.