शंभरपैकी शंभर

मी ऑक्युपेशनल थेरपीत मास्टर्स करते. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की पुढचं वाक्य आपोआप तोंडातून बाहेर पडतं, "नाही, फिजिओथेरपी वेगळी." समोरचा सगळं समजल्यासारखी मान हलवतो आणि मालिशचे किती घेता म्हणून विचारतो. बदलापूरला शिरगावातल्या आमच्या बिल्डिंगपुरता हा प्रश्न बाबांनी निकालात काढला आहे. मुलगी डॉक्टर होतेय, एवढंच ते सांगतात. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरचे कैलासकाका मला गॅसवर गोळी विचारतात, मी ओवा चावून खा म्हणते, त्यांना बरं वाटतं आणि 'आपली वैष्णवी' किती हुशार याची चर्चा पार्किंगपर्यंत पोचते.

काम सांगायला सोपं आहे. पॅरॅलिसिसने, अपघाताने माणसाच्या हातून रोजची साधी कामं निसटतात. घास तोंडात घालणं, शर्टाचं बटण लावणं, अंगावर पाणी घेणं. ती कामं त्याला पुन्हा त्याची त्याला करता यावीत, यासाठी आम्ही शिकतो. साडेचार वर्षं डिग्री झाली, आता वर ही दोन. इतकं शिकून मी एखाद्याला चमचा धरायला शिकवते हे ऐकल्यावर माझ्या मावशीने मला फीचा आकडा पुन्हा एकदा विचारला होता.

दुसऱ्या वर्षाला प्रबंध असतो. माझा विषय असा: पॅरॅलिसिसच्या तीस पेशंटना आठ आठवडे घरी जाऊन सराव द्यायचा आणि त्यांचं स्वावलंबन किती वाढलं ते मोजायचं. मोजायला एक तक्ता असतो. जेवण, आंघोळ, कपडे, जिना अशी दहा कामं, प्रत्येकाला आकडा, खाली शंभरपैकी बेरीज. तक्त्याच्या वर मोठ्या अक्षरात माझं नाव, कॉलेजचा शिक्का. पेशंटचं नाव मात्र कुठेच नाही, नुसता नंबर. त्याची गोपनीयता जपण्यासाठी आमच्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीने तीन बैठका घेऊन तसं ठरवलं होतं. आकडे चांगले आले आणि प्रबंध वेळेत गेला तर परीक्षा, नाहीतर सहा महिने घरी बसून कैलासकाकांना ओवा.

पेशंट मिळाले उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यातून. काही तिथलेच, काही अंबरनाथचे, दोन-चार बदलापूरचे. रोज स्कूटीवरून पाच घरं. प्रत्येक घरी चहा, कारण नाही म्हटलं तर पोरगी गर्विष्ठ. आठ आठवड्यांत माझं वजन चार किलोने वाढलं. प्रबंधातला हा एक निष्कर्ष मी कोणत्याही परीक्षकासमोर छातीठोकपणे मांडू शकते.

आणि काय सांगू, आकडे असे आले की मी स्वतःच्या प्रेमात पडले. चाळीसवरून पंच्याण्णव. तीसवरून नव्वद. जो माणूस पहिल्या दिवशी भिंतीला टेकून बसत होता, त्याची बायको दोन महिन्यांनी म्हणाली की ते आता सगळं त्यांचं तेच करतात, अगदी जिनासुद्धा. मी लिहून घेतलं. गाइड मॅडम म्हणाल्या की हे परदेशातल्या जर्नलला पाठवू, पहिलं नाव अर्थातच त्यांचं. फक्त कॉलेजचे आकडेमोडीचे कमलेश सर चष्मा वर करून म्हणाले, "तीसच्या तीस पेशंट नव्वद नाहीतर त्याच्याही वर? माझे गुडघे धरले तर मीच ऐंशीचा आहे." मला वाटलं, या माणसाला कुणाचं चांगलं बघवत नाही.

तिसावा पेशंट राजेंद्र. वय बावन्न, जीन्सच्या कारखान्यात मशीनवर होता. दीड वर्षापूर्वी उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. समजायचं सगळं, फक्त एक वाक्य पूर्ण करायला त्याला जेवढा वेळ लागे तेवढ्यात माझा चहा निवायचा. नियम असा आहे की शक्यतो डोळ्यांनी बघावं, नाहीतर पेशंटला विचारावं, आणि अगदीच अडलं तर घरच्यांना. मला पुढे चार घरं असायची, त्यामुळे माझं रोजच अगदीच अडायचं. घरच्यांमध्ये होती त्याची आई, भिमाबाई. सत्तरी ओलांडलेली, ताठ, उत्तरं तयार. जेवतो? जेवतो. आंघोळ? करतो. बटणं? पटापट. शंभरपैकी शंभर. माझ्या प्रबंधातला एकमेव शंभर.

सोमवारी प्रबंध जमा करायचा होता. शुक्रवारी लक्षात आलं की राजेंद्रच्या संमतीपत्रावर साक्षीदाराची सही राहिली आहे. कमिटीला माणूस बरा झाला नाही तर चालतं, सही नसली तर चालत नाही. दुपारी एक वाजता, न कळवता, मी कॅम्प चारला त्याच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. राजेंद्र खाटेवर बसला होता, गळ्याला टॉवेल बांधलेला. भिमाबाई वरणभात कालवून, घास करून त्याच्या तोंडात घालत होती. माझा शंभरपैकी शंभर तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत होता.

भिमाबाईला काही विशेष वाटलं नाही. "आज कशी आलीस गं?" ती म्हणाली. "तुझा वार तर बुधवार."

मी विचारलं की आजी, तुम्ही तर सांगितलंत काका स्वतः जेवतात. तिने आणखी एक घास भरवला, त्याच्या ओठाचं शीत पुसलं आणि मग मला समजावलं, अगदी मायेने. "कागदावर नाव तुझं. खाली शंभरातले किती ते. पोरगी बदलापूरवरनं उन्हातान्हाची येते, तिचे मार्क आम्ही कशाला कापायचे? दवाखान्याच्या बाकड्यावर सगळ्या बायांचं ठरलंय. अंबरनाथची रखमाबाई नव्वदच देणार होती, मी दम दिला तिला, तेव्हा पंच्याण्णवला तयार झाली."

मी खाली बसले. तीस घरं, दोनशे चाळीस कप चहा, आणि हाती काय, तर तीस बायकांनी संगनमताने मला पास केलेलं. आधी राग आला तो त्यांचाच. मग तक्ता काढून बघितला. वर माझं नाव, खाली शंभरपैकी बेरीज. डोकं ठिकाणावर असलेला कुठलाही माणूस याला वैष्णवीची मार्कलिस्ट म्हणेल. आम्हा शिकलेल्यांना तेवढं सुचलं नव्हतं.

आता खरं सांगते, कारण इथवर तोंड वर करून सगळ्यांना बोल लावले आहेत. मला वाटलं, सही घ्यावी आणि निघावं. कुणाला कळणार होतं? गाइड मॅडम खूश, बाबा खूश, बाकडं खूश. मी बॅगेतून संमतीपत्र काढलं आणि भिमाबाईला म्हणाले, "आजी, इथे एक सही."

ती हात धुवायला उठली. तेवढ्यात राजेंद्रने टॉवेल डाव्या हाताने ओढला. काहीतरी म्हणायचं होतं त्याला. मी सवयीने भिमाबाईकडे बघितलं, ती सांगेल म्हणून. तिने तोंड उघडलंही. त्याने पुन्हा टॉवेल ओढला, या वेळी जोरात.

"मॅडम," तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. "आठ... आठवडे." पुन्हा थांबला. कपाळावर घाम. "मला... विचारलंच... नाही."

मला लाज वाटली. पुस्तकात असते तशी नाही. उठून पळून जावं अशी. मी संमतीपत्र बॅगेत ठेवलं, एक कोरा तक्ता काढला आणि खुर्ची भिमाबाईसमोरून उचलून त्याच्या खाटेजवळ घेतली. या एका कागदाने माझे बाकीचे एकोणतीस फुकट जाणार होते, मला माहीत होतं. सहा महिने गेले, हेही माहीत होतं. तरी पेन उघडलं.

"काका, जेवण स्वतः जेवता?"

भिमाबाई म्हणाली, "अगं, आता सांगितलं ना तुला..." मी तिला थांबायला सांगितलं. आम्ही दोघी थांबलो. बाहेर कुणी टेम्पो मागे घेत होतं, त्याचा भोंगा वाजून संपला, तरी आम्ही थांबलोच होतो.

"नाही," तो म्हणाला. मी शून्य लिहिलं. माझ्या प्रबंधातला पहिला खरा आकडा.

"आंघोळ?"

"नाही."

मी शून्य लिहून तिसऱ्या ओळीवर गेले. त्याचं बोलणं संपलं नव्हतं. आता कुठे शिकत होते मी, म्हणून आंघोळीच्या ओळीवर परत आले आणि पेन खाली ठेवलं.

"करायचीय," तो म्हणाला. "माझी... मला. आई... नको... आत."

भिमाबाईचे हात ओलेच राहिले. दीड वर्ष रोज सकाळी तिने पन्नाशीतल्या पोराला पाटावर बसवून, कपडे उतरवून आंघोळ घातली होती, आणि त्यात आपण कधी काही कमी पडू दिलं असं तिला वाटलं नव्हतं. ती खाटेच्या कडेला बसली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"मग इतके दिवस बोलला का नाहीस रे?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. तो माझ्याकडे बघत होता; उत्तर तो मघाशीच देऊन बसला होता.