काटे गेले, पाखरंही गेली

मी एक जुना पाणवठा आहे, मित्रांनो. नाव मोठं, पण आकार परातीएवढा. ऑस्ट्रेलियातल्या मेटलंड गावी क्लॅरी नावाच्या म्हाताऱ्यानं कचऱ्याच्या डब्याचं झाकण उलटं केलं, त्यात सिमेंट थापलं आणि मी जन्मलो. म्हणून मी कधी फार तोरा मिरवला नाही.

क्लॅरीनं मला कोपऱ्यातल्या काटेरी झुडपाला खेटून ठेवलं. लहान पाखरांना उभं राहता यावं म्हणून मध्ये एक चपटा दगड मांडला. त्याची बायको मर्ल कुरकुरली, "तिथं ठेवून मला खिडकीतून काय दिसणार, डोंबल?"

"पाणी तुझ्यासाठी नाहीये," तो म्हणाला. "ओल्या पाखराला नीट उडता येत नाही. काटे जवळ असले की लपता तरी येतं."

आठवड्याभरात निळी पाखरं आली. अंगठ्याएवढी, शेपटी ताठ. डुबकी मारायची, काट्यांत शिरायची, तिथंच पिसं वाळवायची. मर्ल चहाचा कप घेऊन पायरीवर बसू लागली. क्लॅरी वारला, त्यानंतर ती त्यांच्याशीच बोलायची. "आज उशीर केलात रे," म्हणायची. त्या घरात दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं.

मग एकदा लेक ग्लेनिस भेटायला आली. पोर मायाळू, पण भारी उरकाची. "आई, हे काय रान माजवलंयस? एखादा साप निघेल." एका शनिवारी काटेरी झुडूप मुळासकट गेलं. त्या जागी मोठ्या लाल फुलांची झाडं लागली आणि मला उचलून हिरवळीच्या मधोमध मांडलं. "आता बघ, कसे पक्षी येतात ते."

मर्लला क्लॅरीचं बोलणं आठवत होतं. पण लेकीचं मन कशाला मोडा, म्हणून ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

पक्षी आले की. पिवळ्या डोळ्यांचे करडे गुंड, टोळीच्या टोळीनं. मोठ्या फुलांतला मध त्यांना एकदा मिळाला की सगळी बाग त्यांच्या बापाची. निळी पाखरं पाण्यावर उतरली की हे टोचून टोचून त्यांना पिटाळायचे. लपायला एक काटा उरला नव्हता. त्या निळ्या पाखरांतला एक नर माझ्याच पाण्यात मेला. बाकीची पुन्हा फिरकली नाहीत. मला ना हात, ना पाय. मी नुसता बघत राहिलो.

महिनाभर मर्ल पायरीवर वाट बघत बसली. बोलायला कोणीच नव्हतं.

ग्लेनिसला वाईट वाटलं. आईच्या वाढदिवसाला तिनं चिनी मातीचं निळं पाखरू आणलं आणि माझ्या काठावर चिकटवलं. "बघ आई, आला की नाही तुझा निळू?"

मर्लनं त्या पाखरावरून बोट फिरवलं. "छान आहे गं. याला लपायला जागा लागत नाही," एवढं म्हणून ती कप घेऊन आत गेली.

मित्रांनो, पाखरांना बोलवायचं असेल तर आधी त्यांची लपायची जागा राखा. बागेचा एक कोपरा काटेरी राहू द्या, मग पाणी ठेवा. माझ्यात आता कोणी पाणी घालत नाही. चिनी मातीच्या पाखराला तहान लागत नाही.